चीनच्या तळ्यावर कोणती होडी?

हांगझोऊच्या तळ्यावर कोणत्या होडीत बसावं, असं विचारणारे फोन मला शहाद्यात बसून येतात. परवा एकानं तर दवाखान्याच्या रांगेतून फोन केला. पलीकडे नर्स त्याचं नाव पुकारत होती आणि हा मला विचारत होता, "दिलीपभाऊ, मोठी बोट लेवाले पाहिजे का धाकली?" मी म्हटलं, आधी इंजेक्शन घे, मग सांगतो.

मी टूर मॅनेजर आहे. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं एका शटरचं ऑफिस आहे. भिंतीवर जगाचा नकाशा आहे, आणि त्यावर शहादा सापडत नाही म्हणून मी स्वतः पेनानं ठिपका काढलाय. वीस-बावीस वर्षं मी तापीकाठच्या माणसांना घेऊन हिंडतोय. माझे प्रवासी बहुतेक गुजर शेतकरी. केळी, ऊस, कापूस हे त्यांचं जग, आणि जगाच्या पाठीवर कुठेही गेले तरी डोळ्यांवरचा तो चष्मा काही उतरत नाही. चीनच्या त्या प्रसिद्ध भिंतीवर उभं राहून एकानं मला विचारलं होतं की एवढी मोठी भिंत बांधली, पण खाली ठिबक का नाही टाकलं?

तर होडीबद्दल. तळं शहराला अगदी चिकटून आहे. तीन बाजूंना डोंगर, चौथ्या बाजूला उंच इमारती, मध्ये लहान-मोठी बेटं आणि काठाला पाण्यात फांद्या सोडून उभी राहिलेली झाडं. तिथं होड्या मुख्यतः तीन तऱ्हेच्या. पहिली मोठी बोट. तिला देवळासारखं नक्षीचं छप्पर असतं, शंभरेक माणसं आरामात बसतात आणि ती मधल्या बेटावर उतरवते. दुसरी लहान होडी. वर छत, आत पाच-सहा माणसं, मागे उभा राहून वल्हवणारा नावाडी. ही तासावर मिळते, बेटाला लागत नाही, पण पाण्याचा आवाज ऐकायचा असेल तर हीच घ्यावी. तिसरी आपली आपण वल्हवायची. ती घेऊ नये.

घेऊ नये हे मी अनुभवानं सांगतो. खापर गावचा एक कापड दुकानदार बायकोला घेऊन त्या तिसऱ्या होडीत बसला होता. मी नको म्हणत असताना बसला. अर्धा तास दोघं एकाच जागी गोल फिरत होते, कारण दोघंही जोर लावून वल्हवत होते आणि दोघांची दिशा वेगळी होती. काठावरून आमची अख्खी टूर सूचना देत होती. शेवटी तळ्यावरच्या माणसांनी दोर लावून त्यांना ओढून आणलं. काठाला लागल्यावर बायको म्हणाली, "दुकानमा बी आसंच चालस."

माझी स्वतःची पसंती कायम मोठी बोट. त्याचं कारण सौंदर्य वगैरे काही नाही. टूर मॅनेजरचं खरं काम मोजणं हे आहे. सकाळी मोजायचं, बसमध्ये मोजायचं, जेवल्यावर मोजायचं. सगळे एका बोटीत असले की मोजायला सोपं. तरीही तिच्यात एक मेख आहे, आणि तिनं मला एकदा चांगलाच दणका दिला. बेटावरून परतायला बोटी अनेक असतात, पण त्या वेगवेगळ्या धक्क्यांना जातात. आपण ज्या धक्क्यावरून आलो त्याच धक्क्याची बोट धरायला लागते. चुकलं की माणूस तळ्याच्या दुसऱ्याच टोकाला.

असे एकदा आमचे रमणभाई गेले. रमणभाई म्हणजे प्रकाशा गावाजवळचे केळीवाले, अंगानं भरभक्कम, माझ्याबरोबर सहा-सात सहली केलेले. दीड तास मी आणि आमची चिनी गाईड लीना काठाकाठानं धावत होतो. लीना हे तिचं खरं नाव नव्हे, आमच्या बायकांनी ठेवलेलं. रमणभाई सापडले तेव्हा एका बाकावर बसून कमळकाकडीत भरलेला गोड भात खात होते. मी त्यांच्यावर सगळ्यांसमोर ओरडलो. साठीच्या माणसावर, त्याच्या बायकोसमोर. ते शांतपणे म्हणाले, "मी तं आठेच बठेल शे. तुम्हीच हरपी गयात." सगळे हसले, मीही हसलो, पण तो माझा आवाज मला अजून आठवतो आणि लाज वाटते. चूक माझी होती. धक्क्याचा फोटो काढून प्रत्येकाच्या मोबाइलवर पाठवायला मला दोन मिनिटं लागली असती. आता पाठवतो.

माझी मोजायची पद्धतही सांगून टाकतो. मी डोकी मोजत नाही, जोड्या मोजतो. प्रत्येक जोडप्याला नंबर. मी बसच्या पुढे उभा राहून "जोडी चार" म्हणालो की नवरा किंवा बायको दोघांच्या वतीनं ओरडते, "शे!" म्हणजे आहे. एकानं दुसऱ्याची हजेरी द्यायची. यात कुणी हरवत नाही, कारण नवरा बसमध्ये चढला नाही हे बायकोइतकं लवकर कुणाला कळत नाही.

मधली काही वर्षं चीनचा रस्ता आम्हाला बंदच होता. तो उघडल्यावर मी जी पहिली सहल नेली तिच्यात जोडी अकरा होती नथ्थूआण्णा आणि मथुराबाई. ही गोष्ट त्यांची आहे.

नथ्थूआण्णा तापीवरचे नावाडी. पूल झाला तरी त्यांच्या गावाची निम्मी शेतं पलीकडच्या काठाला होती, त्यामुळे त्यांची नाव कितीतरी वर्षं चालत राहिली. रमणभाईंसारखे कितीतरी जण लहानपणी त्यांच्याच नावेतून पलीकडे गेलेले. आता वय पंच्याहत्तरीच्या पुढे, अंग वाळलेलं पण खांदे तसेच. मोठा मुलगा अंकलेश्वरला पाइपांच्या धंद्यात चांगला स्थिरावलाय. आईबापांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून त्यानं दोघांचं बुकिंग केलं. ऑफिसात येऊन फॉर्म भरला आणि जाता जाता दारात थांबून म्हणाला, "भाऊ, मन्हा माय-बाप आजलगून कधी एक नावमा बठनात नहीत. बाकीनं काही दखाडा, नका दखाडू, पन तेवढं जमाडा."

मला वाटलं, थट्टा करतोय. नावाड्याची बायको नावेत बसली नाही असं कसं होईल? त्यानं मग सांगितलं. आण्णांच्या वडिलांचे आईवडील एकाच नावेत होते आणि तापीच्या पुरात दोघं एकदम गेले. मागे तीन लहान पोरं उरली. गावानं वाढवली. त्यातलं एक पोर, म्हणजे आण्णांचे वडील, मोठं होऊन स्वतः नावाडी झालं आणि त्यानं घरात नेम घातला की नवरा-बायकोनं एका नावेत बसायचं नाही. एक जण पाण्यावर असेल तर दुसऱ्यानं काठावर राहायचं. आण्णांनी तो नेम पाळला, मथुराबाईंनीही पाळला. त्यांना पलीकडे माहेरी जायचं झालं तर दिराच्या नावेतून जायच्या आणि आण्णा अलीकडे थांबायचे.

माझी एक सवय आहे. परदेशाची सहल निघायच्या आधी मी सगळ्यांना एक दिवस तोरणमाळला नेतो. घाटाच्या वळणांवर कोणाला उलट्या होतात, कोण चढ चढून दमतं, कोण जेवणावरून भांडतं, सगळं त्या एका दिवसात कळतं. वर तलाव आहे, तिथं पायानं चालवायच्या होड्या असतात. आण्णांना आम्ही आग्रहानं बसवलं. त्यांनी पॅडलवर पाय ठेवले, दोन वेळा फिरवले आणि उतरले. "पाय हालाडीसन नाव चालाडतस? हाई नाव शे का शिलाई मशीन?" मथुराबाई तेवढा वेळ काठावरच्या दगडावर बसून होत्या. मी म्हटलं, माय, तुम्ही पण बसा की. त्या हसून म्हणाल्या, "मी आठेच बरी." पण डोळे होडीवरच होते. त्यांना बसायचं होतं. ज्याला नको असतं तो माणूस इतक्या वेळ होडीकडे बघत नाही.

विमानाचं मात्र सोपं गेलं. मी मुंबईच्या विमानतळावर धास्तावलो होतो, पण मथुराबाईंनी तळहात हलवून तो प्रश्न मिटवला. विमान म्हणजे काही नाव नाही, वर पाणी नसतं. खाली समुद्र आहे हे सांगायचं मी टाळलं.

चीनमध्ये पोहोचल्यावर मुलाचा रोज फोन. जेवण कसं आहे, थंडी आहे का, हे तो आईला विचारायचा. मला एकच विचारायचा, "बठनात का?" मी म्हणायचो, अजून तळं यायचंय. चौथ्या दिवशी तळं आलं.

सकाळची वेळ होती. ऊन कोवळं, पाणी अगदी निवांत. लीनानं मोठ्या बोटीची तिकिटं काढून ठेवली होती. मी धक्क्याचा फोटो काढून सगळ्यांना पाठवला, रमणभाईंना तोंडानंही सांगितलं. जोड्या चढू लागल्या. आण्णा फळीवर पाय ठेवणार तेवढ्यात मथुराबाई मागे वळल्या आणि धक्क्यावरच्या बाकावर जाऊन बसल्या. पिशवी मांडीवर घेतली, पदर सारखा केला. बराच वेळ बसायचं आहे अशा बेतानं बसल्या.

मी धावलो. म्हटलं, माय, ही काय आपली लाकडी नाव आहे का, केवढी मोठी बोट आहे बघा, शंभर माणसं बसतात. त्यांनी बोटीकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"नाव मोठी ऱ्हायनी म्हनीसन पानी धाकलं व्हस का?"

आण्णाही फळीजवळून मागे फिरून आले. त्यांना म्हटलं, तुम्ही तरी सांगा. ते म्हणाले, "ती बरोबर सांगी ऱ्हायनी," आणि तिच्या शेजारी उभे राहिले. बोटीचा भोंगा झाला. वरून आमची मंडळी ओरडत होती. पंधरा जोड्या एका बाजूला, जोडी अकरा दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये मी.

वीस-बावीस वर्षांत मी टूर कधी फोडली नव्हती. तेवढी एक गोष्ट मी ताठ मानेनं सांगत आलोय. त्या दिवशी मी लीनाला म्हटलं, तू सगळ्यांना बेटावर घेऊन जा, मी इथं थांबतो. ती माझ्याकडे बघतच राहिली. बोट सुटायच्या आत रमणभाई तेवढे उडी मारून खाली आले. म्हणाले, आण्णांना सोडून मी कुठं जाऊ, आणि बेट मी पाहिलंय.

बोट गेली. आम्ही चौघं उरलो. पलीकडे लहान होड्यांचा धक्का होता, तिथं पाच-सहा होड्या दोराला बांधून डुलत होत्या. आण्णा आपसूक तिकडे गेले. एका होडीच्या फळीवर त्यांनी बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान दिला, सांध्यावरून अंगठा फिरवला. तिथला नावाडी पन्नाशीचा, निळा शर्ट घातलेला. तो आधी कपाळाला आठ्या घालून बघत होता, मग त्याच्या लक्षात आलं. त्यानं आण्णांचा हात धरून तळवा उलटा केला, घट्टे पाहिले आणि स्वतःचा तळवा शेजारी धरला. दोघंही मान हलवत राहिले. भाषेची कुणाला गरज पडली नाही.

ते बघताना मला सुचलं. मी मथुराबाईंजवळ खाली बसलो. म्हटलं, "माय, दोन नावा करूत. एकमा तुम्ही, एकमा आण्णा."

त्यांनी विचार केला. खरोखर केला, कपाळावर बोट ठेवून. "म्हंजे एक बुडनी तं दुसरी ऱ्हाई, आसं?"

"हा, आसंच."

"आनि मी कोनती नावमा बुडू?" रमणभाईंनी विचारलं.

मथुराबाई पदर तोंडाला लावून हसल्या आणि बाकावरून उठल्या. मला वाटतं, रमणभाईंना त्या एका वाक्यासाठी मी पुढची सहल फुकट घडवायला हवी होती. घडवली नाही.

निळ्या शर्टवाल्याच्या होडीत आण्णा आणि रमणभाई. दुसऱ्या होडीत मथुराबाई आणि मी. दोन्ही होड्या दोन-तीन हात अंतर ठेवून निघाल्या. मथुराबाईंनी बसण्याआधी वाकून पाण्याला हात लावला आणि तो डोळ्यांना लावला. मोठ्या बोटीतून हे जमलंच नसतं, तिचा कठडा छातीइतका उंच असतो. होडी निवडताना हात पाण्याला पोचतो का, हे बघायचं मला तोवर कधीच सुचलं नव्हतं. मी कायम स्वच्छतागृह कुठं आहे ते बघत आलो.

पहिली दहा-पंधरा मिनिटं मजेत गेली. रमणभाई मधूनच ओरडून सांगत होते की तापीचं पाणी याच्यापेक्षा गोड आहे. चाखून बघितलं का, म्हणून मी ओरडलो, तर म्हणाले, दिसण्यावरून कळतं. आण्णा तळं बघतच नव्हते, त्यांची नजर आमच्या नावाड्याच्या हातांवर होती. मथुराबाई मात्र सगळं बघत होत्या. डोंगर, पूल, दुसऱ्या होड्यांतल्या पोरी, त्यांच्या छत्र्या. मध्येच त्या आण्णांच्या होडीकडे बघायच्या आणि पुन्हा डोंगराकडे.

मग एक मोठी बोट आमच्या जवळून गेली. ती तशी हळूच गेली, पण तिच्या मागून लाट आली आणि आमची होडी डावी-उजवी हलली. मथुराबाईंनी डोळे गच्च मिटले आणि दोन्ही हातांनी होडीचा काठ धरला. त्याच लाटेनं दोन्ही होड्या एकमेकींकडे सरकल्या. मला काही उमगायच्या आत पलीकडून आवाज आला.

"मथुरा! काठ धरू नको! हात मझार ले! मधमा बठ!"

त्यांनी झटकन हात आत घेतले. दुसऱ्याच क्षणी दोन्ही होड्यांचे काठ एकमेकांवर खाड्कन आदळले. बोटं तिथंच असती तर चुरा झाला असता. मी चार दिवस त्या माणसाबरोबर होतो, बायकोला नावानं हाक मारताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. घरातही मारत नसावेत, कारण मथुराबाई डोळे उघडून लाटेकडे बघायचं सोडून त्यांच्याकडेच बघत होत्या.

आणि मग आण्णा उठले. होडीत उभं राहायचं नाही, हे मी प्रत्येक सहलीत शंभर वेळा सांगतो. आमचा नावाडी चिनीत ओरडायला लागला, मी मराठीत, रमणभाई अहिराणीत. फक्त निळा शर्टवाला ओरडला नाही. त्यानं वल्हं आडवं करून आपली होडी आमच्या होडीला टेकवून धरली, घट्ट. आण्णांनी एक पाय आमच्या होडीच्या मधोमध टाकला, मग दुसरा. होडी हललीसुद्धा नाही. मी घरातल्या पाटावर बसताना याच्यापेक्षा जास्त डगमगतो.

ते मथुराबाईंच्या शेजारी बसले. मी सरकून पुढे गेलो.

मथुराबाई घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, "आते काठवर कोन शे?"

"कोनी नको आते," आण्णा म्हणाले. "पोऱ्यास्ना केस पिकी गयात."

मी तोंड पुढे करून बसलो होतो, मागे वळून बघणं बरं दिसत नव्हतं, आणि मला रडू येतंय असं वाटलं म्हणून मी गॉगल लावला. खोटं कशाला सांगू, रडू आलंच होतं. होडी पुन्हा चालू लागली. पाण्याचा आवाज येत होता. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, आण्णांनी डावा हात बाहेर काढून पाण्यात सोडला होता.

मग मागून आण्णांचा आवाज आला.

"काय देखी ऱ्हायनी?"

"पन्नास वरीस काठवरथून देखं तुम्हले. जातांना पाठ, येतांना तोंड. बाजूले बठीसन आज देखी ऱ्हायनू."

"मंग?"

"तुमना कान भलता मोठला शे."

मला राहवलं नाही, मी वळून बघितलं. नथ्थूआण्णांनी पाण्यातला ओला हात वर घेतला होता आणि ते आपला कान चाचपून बघत होते.